‘मी’पासून सुरू होणारी प्रार्थना

25 मार्चच्या संध्याकाळी सांगली जिल्ह्यातल्या एका छोट्या कॅथलिक चर्चमध्ये मी शेवटून दुसऱ्या बाकावर बसलो होतो. गावाचं नाव मुद्दाम घेत नाही. तिथली कॅथलिक वस्ती इतकी लहान आहे की नाव घेतलं तर माणसंच ओळखू येतील. बोलावलं होतं आमच्या शेजारच्या स्टाफ नर्स बाईंनी. मूळच्या केरळच्या, पण इथे तीस वर्षं काढलेल्या. मराठी आमच्यापेक्षा शुद्ध बोलतात आणि मंडईत आमच्यापेक्षा जास्त घासाघीस करतात. “काका, यंदाची मिस्सा जीवनाच्या सन्मानासाठी आहे. पोटातल्या बाळांसाठी. तुम्ही म्हैसाळवर लिहिलं होतं ना? मग या.” मिस्सा म्हणजे कॅथलिकांची सामुदायिक उपासना. आणि मुलींचे गर्भ पाडण्याच्या प्रकरणाने गाजलेल्या म्हैसाळचं नाव निघाल्यावर नाही म्हणता येईना.

मी कॅथलिक नाही. देवळातही फारसा जात नाही. गर्भपाताच्या प्रश्नावर माझं आणि चर्चचं पटत नाही, आणि हा लेख संपेपर्यंत पटणारही नाही. तरी त्या तासाभरात मला एक गोष्ट सापडली. ती आपल्या सार्वजनिक बोलण्यात नाही आणि असायला हवी, एवढंच सांगायचं आहे. ती गोष्ट त्या उपासनेतच पुढे कशी निसटली, तेही सांगणार आहे.

दिवस 25 मार्चचाच का, तर नाताळाच्या बरोबर नऊ महिने आधीचा हा सण. देवदूताने मरियेला तू आई होणार असं सांगितलं तो दिवस. त्यामुळे जगात अनेक ठिकाणी तो न जन्मलेल्या बाळांचा दिवस म्हणून पाळतात. पोप दुसरे जॉन पॉल यांनी मानवी जीवनाच्या मूल्यावरचं त्यांचं मोठं पत्र 1995 मध्ये याच तारखेला काढलं. अमेरिकेतल्या बिशपांनी 1972 पासून ऑक्टोबर महिना यासाठी राखून ठेवला आहे. तिकडे या विषयाभोवती निवडणुका फिरतात. आमच्याकडे साठ-सत्तर माणसं, एक कीबोर्ड आणि फिरताना खडखडणारा पंखा. सतार-तंबोऱ्यांची मिरज इतकी जवळ असून चर्चमध्ये कीबोर्डच का वाजवतात, हा प्रश्न मी पुढच्या वेळी विचारणार आहे.

मिस्सेची सुरुवात कबुलीने होते. गाणं झालं, पांढऱ्या झग्यातले फादर वेदीशी उभे राहिले आणि सगळे एका आवाजात म्हणाले की मी विचाराने, शब्दाने, कृतीने आणि कर्तव्य चुकवून पाप केलं आहे. मग छातीवर हात. माझ्या अपराधाने, माझ्या अपराधाने, माझ्या फार मोठ्या अपराधाने. माझ्या पुढच्या बाकावर आठ-नऊ वर्षांची मुलगी होती, तिनेही छातीवर हात मारून घेतला. तिने काय अपराध केला असेल कुणास ठाऊक. गृहपाठ बुडवला असेल.

मी मात्र ‘कर्तव्य चुकवून’ या शब्दांपाशी अडकलो. आपण जे केलं त्याची कबुली ही ओळखीची गोष्ट आहे. आपण जे केलंच नाही, करायला हवं होतं आणि केलं नाही, त्याचीही कबुली द्यायची, तीही चारचौघांत, एकवचनात, ‘मी’ म्हणून. म्हैसाळनंतर हे कोणाच्या तोंडून ऐकलं होतं का, ते मी आठवू लागलो.

म्हैसाळ हे मिरज तालुक्यातलं कृष्णाकाठचं गाव, कर्नाटकच्या हद्दीला लागून. त्याआधी पेपरात त्याचं नाव यायचं ते उपसा सिंचन योजनेमुळे. मार्च 2017 च्या पहिल्या आठवड्यात तिथे जमीन उकरून 19 भ्रूण बाहेर काढले गेले. ते शोधायला म्हणून कोणी गेलं नव्हतं. आधीच्या मुली पदरात असलेली एक 26 वर्षांची बाई तिथे गर्भपात करताना दगावली, बोभाटा झाला, म्हणून पोलीस पोचले. दवाखाना होमिओपॅथी डॉक्टरचा. तपासाचे धागे हद्दीपलीकडे कर्नाटकात गेले. म्हणजे ती बाई वाचून घरी आली असती, तर त्या 19 चा पत्ता आपल्याला लागला नसता. कदाचित एकोणीसचे तीस झाले असते.

त्यानंतरचे पंधरा दिवस मला नीट आठवतात. मोर्चे निघाले, मेणबत्त्या लागल्या, चॅनेलच्या गाड्या आल्या. “नराधमाला फाशी द्या” असे फलक होते. मीही लेख लिहिला, त्यातही जवळपास तेच होतं, शब्द जरा बरे होते एवढंच. राक्षस सापडला की गावाला किती हायसं वाटतं, ते तेव्हा पाहिलं. पण अशी दुकानं पाट्या लावून चालत नाहीत, ती तोंडी चालतात. कोणीतरी कोणाला पत्ता दिलेला असतो. कोणी गाडी दिलेली असते, कोणी पैसे उसने दिलेले असतात. कोणी नुसतं “या खेपेला तरी बघून घ्या” म्हटलेलं असतं. 19 भ्रूणांच्या मागे किती सासवा, किती नवरे, किती मामा आणि किती हितचिंतक शेजारी असतील याचा हिशेब कोणी मांडला नाही. मांडता आलाच नसता, कारण तो मांडायला बसलेल्याला स्वतःपासून सुरुवात करावी लागली असती.

आकडे बघा. 2001 च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे 913 मुली होत्या. सांगलीत 851. 2011 ला सांगली थोडी सावरून 867 वर आली, तोवर राज्यच 894 वर घसरलं होतं. उसाचा, द्राक्षाचा, हळदीचा, साखर कारखान्यांचा आणि शिक्षणसंस्थांचा हा जिल्हा. हजारामागे इतक्या मुली एका डॉक्टरने गायब केल्या नाहीत. जिथे जमीन आणि पाणी आहे तिथे ती कोणाच्या नावावर जाणार हा प्रश्न आहे, आणि मुलीचा प्रश्न त्याच्याच पोटात आहे.

इथे मला माझ्या ताईचं सांगितलं पाहिजे. वडील गेल्यावर 1999 मध्ये आम्ही दोघा भावांनी तिच्याकडून हक्कसोडपत्र करून घेतलं. तासगावच्या बाजूची पावणेदोन एकर द्राक्षबाग. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात ती सकाळच्या एसटीने आली, सही केली, अंगठा उठवला, आम्ही तिला इरकल घेतलं, दुपारी आमरस-पुरीचं जेवण झालं आणि संध्याकाळच्या गाडीने ती परत गेली. कोणी जबरदस्ती केली नाही. कोणी तिला विचारलंही नाही. पुष्कळ वर्षांनी मी विषय काढला तेव्हा ती म्हणाली, “अरे, माहेर राहावं म्हणून दिली सही. जमीन घेतली असती तर दिवाळीला कोणत्या तोंडाने आले असते?” पुढे शाळेच्या ‘लेक वाचवा’ प्रभातफेरीत घोषणा द्यायला सगळ्यात पुढे मीच होतो. सातबाऱ्यावर बहिणीचं नाव कमी करायचं आणि लेकीला वाचवायला रस्त्यावर उतरायचं, यात काही विसंगती आहे हे माझ्या मास्तरी डोक्याला तेव्हा शिवलं नाही.

तर त्या संध्याकाळी ‘कर्तव्य चुकवून’ म्हणताना माझ्या डोळ्यांपुढे म्हैसाळचा खड्डा आला नाही, ताईच्या हातातली ती इरकलाची पिशवी आली.

सार्वजनिक कबुलीसारखं काहीतरी आपल्याकडे झालंच नाही असं नाही. ऑक्टोबर 2011 मध्ये साताऱ्यात जिल्हा परिषदेने एक कार्यक्रम घेतला. आई-बापांनी ‘नकोशी’, ‘नकुसा’ अशी नावं ठेवलेल्या जिल्ह्यातल्या 285 मुलींना नवी नावं दिली. नाव बदलल्याची प्रमाणपत्रं घेऊन त्या रांगेत उभ्या होत्या. कोणी नटीचं नाव घेतलं, कोणी साधंसं. तो सरकारी कार्यक्रम असला तरी एक संस्कारच होता, 285 जणींचं दुसरं बारसं. मला त्याचं कौतुक आहे. पण त्यातही एक खोट होती. नाव मुलींचं बदललं. ज्यांनी ते ठेवलं आणि वर्गात हजेरी घेताना रोज पुकारलं, त्यांना काही म्हणायला लावलं नाही. त्यात आम्ही मास्तरही आलो. माझ्या हजेरीपटावर दोन नकुशा होत्या. एकीने एकदा विचारलं होतं, “गुरुजी, याचा अर्थ काय?” मी विषय बदलला.

आता मिस्सेकडे परत येतो. पहिला ‘मी’ फार वेळ टिकला नाही.

प्रवचनात फादर गर्भपाताबद्दल बोलले आणि बघता बघता वाक्यांचे कर्ते बदलले. ‘मी’ जाऊन ‘त्या’ आल्या. करिअरसाठी, सोयीसाठी, चैनीसाठी बाळाला नाकारणाऱ्या आधुनिक स्त्रिया. पुढे श्रद्धावंतांच्या प्रार्थना झाल्या. गर्भपात करणाऱ्या मातांना सुबुद्धी मिळावी. हे प्रभू, आमची प्रार्थना ऐक. गर्भपात करणाऱ्या डॉक्टरांचं मन पालटावं. हे प्रभू, आमची प्रार्थना ऐक. नवऱ्यांसाठी प्रार्थना नव्हती. सासू-सासऱ्यांसाठी नव्हती, हुंडा घेणाऱ्यांसाठी नव्हती. सांगली जिल्ह्यात उभं राहून गर्भपाताचं कारण म्हणून करिअर सांगणं म्हणजे दुसऱ्याच कुठल्या देशाचं प्रवचन वाचून दाखवणं झालं. आमच्याकडे जी बाई दुसऱ्या-तिसऱ्या वेळी सोनोग्राफीला नेली जाते, तिला करिअर नावाची वस्तू पाहायला मिळालेली नसते. क्रियापदही बघा, ती जात नाही, तिला नेलं जातं.

गंमत अशी की हे चर्चच्या कायद्याला माहीत आहे. कॅथलिक कायद्यानुसार गर्भपात घडवून आणणारी व्यक्ती आपोआप बहिष्कृत होते, पण तोच कायदा सांगतो की गंभीर धाकापोटी ती गोष्ट केली असेल तर ती आपोआपची शिक्षा लागत नाही. आपल्या देशाच्या कायद्यालाही ते माहीत आहे. गर्भलिंग निदानाविरुद्धचा 1994 चा कायदा असं गृहीत धरतो की बाईला नवऱ्याने किंवा नातेवाइकांनी भाग पाडलं, आणि तसं नाही हे दाखवायची जबाबदारी समोरच्यावर टाकतो. रोमच्या आणि दिल्लीच्या कायदेपंडितांना जे उमगलं, ते व्यासपीठावर उभं राहिलं की आपण विसरतो, मग व्यासपीठ चर्चचं असो की तालुक्याच्या महिला मेळाव्याचं.

शिवाय त्या दिवसाचं वाचनच मुळी वेगळं काही सांगत होतं. लूकच्या शुभवर्तमानातला प्रसंग. नाझरेथमधली एक मुलगी, मागणी झालेली पण लग्न न झालेली. देवदूत येतो, सांगतो. ती घाबरते, प्रश्न विचारते, हे कसं होणार म्हणते. उत्तर ऐकून घेते. मग म्हणते, तुझ्या म्हणण्याप्रमाणे होऊ दे. बाराव्या शतकातल्या संत बर्नार्ड यांनी या प्रसंगावरच्या प्रवचनात कल्पना केली आहे की ती उत्तर देईपर्यंत देवदूत, आदाम, अब्राहाम, दावीद, सगळं जग तिच्या तोंडाकडे बघत थांबलं आहे. मला ही कल्पना फार आवडते. एका पोरीच्या होकारासाठी देवसुद्धा ताटकळतो! न जन्मलेल्या जीवाचा सण म्हणून जो दिवस निवडला, तो मुळात एका बाईच्या संमतीचा सण आहे. आमच्या गावांत बाईला दिवस जातात तेव्हा कोणी तिचं उत्तर ऐकायला थांबत नाही, आणि गर्भ पाडायचा ठरतो तेव्हाही नाही. फादरांनी या वाचनावर तीन मिनिटं दिली आणि पुढे निघून गेले. मला वाटलं, थांबायचं ठिकाण तर हेच होतं.

मिस्सा संपल्यावर आवारात चहा होता. मी नर्स बाईंना हे बोललो. त्यांनी ऐकून घेतलं आणि एका प्रश्नात मला पकडलं. “काका, म्हैसाळच्या 19 जीवांसाठी तुम्ही रडता. तोच गर्भ मुलाचा असता, किंवा मुलगी म्हणून नाही तर दुसऱ्या कारणाने पाडला असता, तर तुम्ही म्हणता बाईचा हक्क. मग तो जीव होता की नव्हता? कारण बदललं की जीव बदलतो का?”

हा प्रश्न सोपा नाही, आणि आमच्या बाजूचे लोक तो ऐकू न आल्यासारखं करतात. आपण ‘स्त्रीभ्रूणहत्या’ हा शब्द वर्षानुवर्षं वापरला, त्यात ‘हत्या’ आहे. भिंतींवर पोटातल्या मुलीची चित्रं काढली, तिच्या तोंडी “आई, मला मारू नकोस” अशी वाक्यं घातली. ती भाषा उचलली तर नर्स बाईंचं बरोबर आहे, मग सगळे गर्भपात हत्याच. माझं उत्तर असं आहे, आणि ते मला स्वतःला पूर्ण समाधान देत नाही हेही सांगतो. म्हैसाळचा गुन्हा गर्भ पडला एवढ्यापुरता नव्हता. तो का पाडला, त्यात होता. मुलगी असणं हाच दोष, हा निकाल तिथे दिला गेला, आणि तो निकाल फक्त पोटातल्या गर्भाला लागू होत नाही. तो घरी आजीजवळ ठेवून आलेल्या मुलींना लागू होतो, त्या आईलाही लागू होतो, कारण तीही कधी काळी मुलगीच होती. जी बाई स्वतःच्या मनाने, स्वतःच्या शरीराचा आणि संसाराचा विचार करून पहिल्या काही आठवड्यांत गर्भ नको म्हणते, ती कोणाच्याही जगण्यावर असा निकाल देत नाही. तिथे काही गमावलं जात नाही असं मी म्हणत नाही. पण ते काय आणि किती, हे तोलायचा अधिकार तिचा आहे, माझा किंवा फादरांचा नाही.

दोन्ही गोष्टी एकाच पोत्यात भरल्या की काय होतं ते महाराष्ट्राने पाहिलं आहे. 2011-12 च्या सुमारास लिंगनिवडीविरुद्ध कारवाईचा जोर वाढला आणि राज्यात कितीतरी औषध दुकानदारांनी गर्भपाताच्या गोळ्या ठेवणंच बंद केलं. कटकट नको. वास्तविक या गोळ्या नऊ आठवड्यांपर्यंतच द्यायच्या असतात, आणि सोनोग्राफीत मुलगा की मुलगी हे खात्रीने दिसायला बाराएक आठवडे उलटावे लागतात. म्हणजे गोळ्यांचा लिंगनिवडीशी संबंध जवळजवळ नाही. पण दुकानदाराला काय, तपासनीसाला काय, हिशेबात सगळं सारखंच. 1971 पासून गर्भपात कायद्याच्या चौकटीत आहे, 2021 मध्ये काही स्त्रियांसाठी मुदत 24 आठवड्यांपर्यंत वाढली, 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित स्त्रीलाही त्यात धरलं. कागदावर हे सगळं आहे. आणि गावातली बाई सरकारी दवाखान्यात विचारायला घाबरते, कारण भिंतीवर ‘गर्भपात पाप आहे’ लिहिलेलं असतं. मग ती म्हैसाळसारख्या ठिकाणी जाते.

मिरजेत सकाळी गाडीत बसलं की दुपारच्या आत बेळगाव येतं. बेळगावची सविता हलप्पनवार आयर्लंडमध्ये दंतवैद्य होती, 31 वर्षांची. 2012 च्या ऑक्टोबरमध्ये सतराव्या आठवड्यात तिचा गर्भ टिकणार नाही हे स्पष्ट झालं. तिने गर्भपात करा म्हणून विनवलं. गर्भाचे ठोके लागत होते म्हणून नाही म्हटलं गेलं, आणि 28 ऑक्टोबरला ती जंतुसंसर्गाने गेली. ‘हा कॅथलिक देश आहे’ असं तिला सांगितलं गेलं होतं, हे पुढे चौकशीत तिथल्या सुईणीने मान्य केलं. मे 2018 मध्ये त्याच आयर्लंडने 66 टक्के मतांनी घटनेतली गर्भपातावरची बंदी काढून टाकली. नर्स बाई म्हणाल्या, “आमची शिकवण आईला मरू द्या असं कधीच सांगत नाही.” खरं आहे, आईवर उपचार करायला चर्चची मनाई नाही. पण शिकवणुकीचा जेव्हा तुरुंगाची भीती घालणारा कायदा होतो, तेव्हा डॉक्टरचा हात नेमका त्या दोन दिवसांत थबकतो ज्या दोन दिवसांत तो चालायला हवा.

मग जीवनाचा सन्मान करायचा कसा, याचं एक उत्तर आपल्याच मातीत आहे. साताऱ्याच्या खंडाळा तालुक्यातल्या नायगावची लेक, सावित्रीबाई फुले. 1863 मध्ये सावित्रीबाई आणि जोतीराव यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. नाव वाचून वाटेल की हत्येविरुद्ध मोहीम असेल. पण त्यांनी हत्या करणाऱ्या बायकांविरुद्ध एक ओळ लिहिली नाही. काशीबाई नावाच्या एका ब्राह्मण विधवेने फसवणुकीतून झालेलं मूल मारून विहिरीत टाकलं म्हणून तिला काळ्या पाण्याची शिक्षा झाली होती. फुल्यांनी तिच्या गुन्ह्यात तिला त्या विहिरीपर्यंत ढकलत नेणाऱ्यांचे हात पाहिले. त्यांनी शहरात पत्रकं लावली की विधवांनी इथे यावं, गुपचूप आणि सुखरूप बाळंत व्हावं, मूल न्यायचं की ठेवायचं हे त्यांच्या मर्जीवर. मूल वाचवायचं तर आईच्या डोक्यावरचं ओझं उतरवलं पाहिजे, एवढी साधी गोष्ट. तिथेच एका विधवेला झालेला मुलगा त्यांनी पुढे दत्तक घेतला, तो यशवंत. तो डॉक्टर झाला. 1897 मध्ये प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई गेल्या. जीवनाचा सन्मान म्हणजे काय हे शिकायला आम्हाला रोमला किंवा वॉशिंग्टनला जायची गरज नाही, शिरवळजवळ नायगाव आहे.

आज बाईच्या डोक्यावरचं ओझं कोणतं? एक तर जमीन, ते मी सांगितलं. दुसरं सरकारने घातलेलं. 2005 पासून महाराष्ट्रात सरकारी नोकरीसाठी छोट्या कुटुंबाचं प्रतिज्ञापत्र लागतं, तिसरं मूल झालं तर अपात्र. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीलाही तीच अट. लोकसंख्येसाठी केलेला नियम, पण ज्या घरात एक तरी मुलगा हवाच असतो तिथे त्याचा अर्थ दोनच संधी, असा होतो. पहिली मुलगी झाली की दुसऱ्या वेळी घर ‘बघून’ घेतं. एका हाताने सोनोग्राफी यंत्रांवर धाडी आणि दुसऱ्या हाताने ही अट. हे कोणीतरी ‘कर्तव्य चुकवून’च्या यादीत घालायला हवं.

चर्चच्या बाजूने एक गोष्ट मात्र मनापासून सांगतो. प्रार्थनांच्या शेवटी फादरांनी कागद बाजूला ठेवला आणि म्हणाले, म्हैसाळच्या त्या डॉक्टरसाठीही प्रार्थना करू या, आणि कोणालाही फाशी होऊ नये म्हणूनही. बाकांवर थोडी चुळबुळ झाली. मी चमकलो. 2017 मध्ये आम्ही पुरोगामी मंडळी फाशीचे फलक धरून उभे होतो, आणि ज्यांना आम्ही मागास समजतो ते त्या माणसाचाही जीव मोजत होते. पोप फ्रान्सिस यांनी 2018 मध्ये चर्चच्या धर्मशिक्षणाच्या ग्रंथात बदल करून मृत्युदंड मुळीच मान्य नाही असं लिहवलं. त्याआधी 1983 मध्ये अमेरिकेतले कार्डिनल बर्नर्डिन यांनी मांडलं होतं की गर्भ, फाशी, युद्ध, गरिबी हे वेगवेगळे तुकडे करता येत नाहीत. त्या विचाराला नाव पडलं ते येशूच्या अंगरख्यावरून, जो वरपासून खालपर्यंत सलग विणलेला होता आणि ज्याला शिवण नव्हती. विट्याच्या मागवाल्याला हे लगेच कळेल, एक धागा ओढला की सगळं कापड चुणतं.

त्या कापडात मग ऊसतोडीला बीडहून आलेल्या बायकाही येतात. त्या आमच्या सांगली-साताऱ्याच्या फडात, पाचटाच्या कोपीत राहतात. नववा महिना लागला तरी मोळी उचलतात, कारण कोयत्यामागे, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीमागे, उचल घेतलेली असते आणि खाडा झाला की पैसे कापतात. गर्भाशयं काढून टाकलेल्या अशा बायकांची चर्चा 2019 मध्ये विधिमंडळापर्यंत गेली. त्या मिस्सेत त्यांचं नाव निघालं नाही. आमच्या कुठल्या सभेत तरी निघतं? ज्या साखरेचा चहा आम्ही आवारात पीत होतो, तिचा ऊस कोणत्या पोटातल्या बाळासकट तोडला गेला होता, हे विचारायचं माझ्याही मनात आलं नव्हतं, लिहायला बसल्यावर आलं.

मी नर्स बाईंना म्हटलं, पुढच्या 25 मार्चला प्रार्थनांमध्ये एक ओळ घालता येईल का बघा. ‘बहिणीचा वाटा घेणाऱ्या आम्हा भावांसाठी.’ त्या हसल्या. म्हणाल्या, “फादरांना विचारते. पण मग तुम्हालाच वाचायला उभं करतील.”

निघताना त्यांनी वॉर्डातलं एक सांगितलं. तीस वर्षांत त्यांनी किती बाळंतपणं केली त्याची मोजदाद नाही. प्रसूतिगृहाचं दार उघडून बाहेर आल्या की बाकावरचे सगळे एकदम उठतात. त्या मुलगा की मुलगी हे कधीच आधी सांगत नाहीत. पहिलं वाक्य ठरलेलं, बाळाची आई बरी आहे. मग मुद्दाम थोडं थांबतात, कोणी त्यावर काही बोलतंय का बघतात. बहुतेक वेळा एखादी म्हातारी पुढे होते आणि म्हणते, “ते झालं हो सिस्टर, पण झालं काय?”